सोडलेल्या पदार्थांची यादी

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. दोन्ही बाजूंनी भरलेला, वर ठळक अक्षरांत ‘बंद’ असं लिहिलेलं. दूध, दही, चीज, गहू, सगळी कडधान्ये, कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण, टोमॅटो, मिरची, लिंबू, शेंगदाणे, अंडी, केळी... मोजली तर ३१ नावं निघाली. प्रत्येक नावापुढे ते सोडल्याची तारीख. काय चालू आहे, असं विचारल्यावर मात्र कागद लागला नाही. भात, उकडलेला बटाटा, गाजर, भोपळा, सफरचंद, मध, कॉफी. सात पदार्थ.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि पोटदुखीचे रुग्ण माझ्याकडे रोज येतात. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं ते त्या यादीमुळे. पथ्याची यादी वाढताना मी नेहमी बघते, पण ती कमी कशी करायची हे रुग्णाला कुणीच सांगितलेलं नसतं.

वय ३४, शाळेत शिक्षिका. १४ महिन्यांपासून पोट दुखत होतं. बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला जास्त. आधी पोट फुगायचं, मग मुरडून कळ यायची आणि शौचाला जाऊन आलं की तासाभरात उतरायची. चार दिवस खडा, पाचव्या दिवशी पातळ. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्त, लघवी असं सगळं झालं होतं आणि सगळं नॉर्मल होतं. ‘नॉर्मल’ हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, तो माझ्या ओळखीचा आहे. रिपोर्ट चांगला आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुखणाऱ्या माणसाला वाटतं, आता आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यांना एका नातेवाइकाने तोंडावर सांगितलं होतं, ‘काही निघालं नाही ना? मग डोक्यातून काढून टाक.’

वजन ११ महिन्यांत ५८ किलोवरून ५१ वर आलं होतं. माझं लक्ष सगळ्यात आधी तिथे गेलं.

नकळत घटणारं वजन, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारी कळ, ताप, रक्तक्षय, सततच्या उलट्या, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. यातलं एक जरी असलं तर आहार बदलण्याआधी डॉक्टर. त्यांना वजन सोडून बाकी काहीही नव्हतं. आदल्या दिवशीचं खाणं विचारून हिशेब केला तर जेमतेम १,०५० कॅलरी भरल्या. एवढ्यावर दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या बाईचं वजन घटणारच. म्हणजे कारण समोर दिसत होतं, पण समोर दिसणारं कारण खरंच असेल असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. पोटविकारतज्ज्ञांशी बोलून आम्ही एक गोष्ट ठरवली: खाणं वाढल्यावर वजन वाढायला हवं. दोन महिन्यांत वाढलं नाही, तर तपासण्या पुन्हा पहिल्यापासून.

त्या डॉक्टरांनी एक साधी तपासणी केली, ती मला फार आवडते. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं, तर ते पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त. कमी झालं तर आत. यांचं कमी झालं. शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणीही झाली. आतड्याला सूज असेल तर हे प्रथिन वाढतं. ५० च्या खाली असेल तर साधारणपणे निश्चिंत राहता येतं. त्यांचं २२ होतं.

मग फाइलमध्ये मला टीटीजीचा रिपोर्ट दिसला. ही सीलिॲक आजाराची रक्ततपासणी. या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. रिपोर्ट निगेटिव्ह होता. ‘बंद’च्या कागदावर गव्हापुढची तारीख पाहिली, मग रिपोर्टवरची. मध्ये पाच महिने गेले होते.

गहू बंद असताना केलेली ही तपासणी भरवशाची नसते. ग्लूटेन पोटात जाणं थांबलं की रक्तातली प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात आणि खरा सीलिॲकचा रुग्णही निगेटिव्ह येऊ शकतो. तपासणीआधी किमान सहा आठवडे, दिवसात एकापेक्षा जास्त वेळा ग्लूटेन खाल्लेलं असावं असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते. म्हणजे ज्या पदार्थाला त्या सगळ्यात जास्त घाबरत होत्या, तोच मला त्यांना सहा आठवडे रोज खायला सांगायचा होता. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, मी बरी व्हायला आलेय.’ मला वाईट वाटलं. पण आयुष्यभर गहू सोडायचा की नाही, हे अंदाजाने ठरवता येत नाही. सीलिॲक असेल तर चमचाभरही चालत नाही आणि नसेल तर सोडण्याची गरजच नसते.

दुपारी आणि रात्री ब्रेडचे दोन-दोन काप सुरू झाले आणि सोबत वही. रकाने पाच: वेळ, काय खाल्लं, कळ किती (० ते १०), शौच कसं, झोप किती तास. शौचासाठी ब्रिस्टल तक्ता दिला. त्यात खड्यांसारख्या १ पासून पाण्यासारख्या ७ पर्यंत प्रकार चित्रांसह असतात, त्यामुळे ‘बरं झालं’, ‘नीट नाही झालं’ अशा मोघम शब्दांत अडकावं लागत नाही.

त्यांच्या वहीतला एक गुरुवार असा आहे. ६:१५ गरम पाण्यात दोन चमचे मध. ७:०० काळी कॉफी. ९:३० सफरचंद. १०:१५ कॉफी. ११:०० कळ ७, फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. १:४५ भात, गाजर, ब्रेड. ४:०० कॉफी. ८:३० भात, बटाटा, ब्रेड. रात्री कळ ३. शौच प्रकार १, मग ६. झोप ५ तास.

आठवड्यातले पाच दिवस जवळपास असेच. रविवारी कळ २. त्यांनी समासात लिहिलं होतं, ‘सुट्टी म्हणून?’ मलाही तेच वाटलं. कामाच्या ताणाने आतडं बिघडतं हे खरंच आहे. मेंदू आणि आतडं यांच्यात दोन्ही बाजूंनी निरोप जात असतात. पण रविवारची पानं पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी त्या उशिरा उठत, अकराला नीट जेवत आणि सफरचंदाला जागाच उरत नसे.

गव्हाचा पहिला आठवडा वाईट गेला. कळ रोज ७-८. पण चौथ्या आठवड्यापर्यंत आकडे गव्हाआधीच्या आकड्यांवर येऊन बसले, आणि गहू तर तेवढाच चालू होता. वजन दीड किलोने वाढलं. ते पाहून मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

सहाव्या आठवड्यात त्या माझ्यासमोर बोलत असताना पर्समधून पुदिन्याची शुगरफ्री गोळी काढून त्यांनी तोंडात टाकली. दिवसाला अशा किती, मी विचारलं. ‘आठ-दहा. सकाळी काही खात नाही ना, तोंडाला वास येतो. वर्गात बरं दिसत नाही.’ वहीत एकही नव्हती. चूक माझी होती. रकान्याला मी ‘काय खाल्लं’ असं नाव दिलं होतं आणि गोळी कुणी ‘खाल्लं’मध्ये धरत नाही. तेव्हापासून माझ्या वहीत तो रकाना ‘तोंडात काय गेलं’ असा असतो. च्युइंगम, खोकल्याचं सिरप, टॉनिक, औषधं, सगळं त्यात येतं.

पाकीट मागून घेतलं. घटकांमध्ये पहिलंच नाव सॉर्बिटॉल. मागे बारीक अक्षरांत छापलेलंही होतं, अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात.

सॉर्बिटॉल ही साध्या साखरेऐवजी घालतात ती ‘शुगर अल्कोहोल’ जातीची साखर, लहान आतड्यात अर्धवटच शोषली जाणारी. न शोषलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि पुढे मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू ती आंबवून वायू तयार करतात. आतडं ताणलं जातं. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास सॉर्बिटॉल गेलं तर निरोगी माणसाचंही पोट फुगू शकतं. सफरचंदात सॉर्बिटॉल असतंच, शिवाय ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं. मधातही तसंच. जादा फ्रुक्टोज शोषणं अनेक आतड्यांना जड जातं. थोडक्यात, त्यांनी पोटाला हलकं म्हणून जे राखून ठेवलं होतं, त्यातले दोन पदार्थ आणि न मोजलेली एक गोळी, तिन्ही रोज सकाळी रिकाम्या पोटी एकाच दिशेने काम करत होते. वरून कॉफी, जी आतड्याची हालचाल वाढवते.

तरीही सगळा दोष साखरेचा नाही. तेवढंच खाणाऱ्या दुसऱ्या बाईला थोडा वायू होईल आणि ती विसरून जाईल. १९७३ मध्ये जेम्स रिची या ब्रिटिश डॉक्टरांनी आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिलं, तेव्हा असं दुखणं असलेल्यांना इतरांपेक्षा कमी फुगवट्यालाच कळ आली. आतडं दिसायला निरोगी असतं, त्यातल्या मज्जातंतूंनी मात्र आवाज मोठा करून ठेवलेला असतो. तो आवाज सोनोग्राफीत दिसत नाही, पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. हे मी त्यांना कागदावर चित्र काढून सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

टीटीजी पुन्हा निगेटिव्ह आली, यावेळी भरवसा ठेवण्यासारखी. सोबत रक्तातलं एकूण आयजीए हे प्रतिद्रव्यही पाहिलं, तेही पुरेसं होतं (ते कमी असेल तर टीटीजी फसवी ठरते). डॉक्टरांनी निदान लिहिलं: आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांनुसार, तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाला किती वेळा जावं लागतं यातल्या बदलाशी किंवा शौचाच्या प्रकारातल्या बदलाशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी. त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. निदानाला नाव मिळालं एवढ्यानेही त्यांची झोप सुधारली. वहीत दिसतं ते.

आयबीएस म्हटलं की आता सगळे फॉडमॅप आहाराकडे वळतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली ही पद्धत चांगली आहे. आंबणाऱ्या शर्करा दोन ते सहा आठवडे कमी करायच्या, मग एकेक गट परत आणून तपासायचा, मग ज्याचा त्याचा आहार ठरवायचा. दुर्दैवाने लोक पहिल्या टप्प्याचा तक्ता उतरवून घेतात आणि तिथेच वर्षानुवर्षं राहतात. सात पदार्थांवर आलेल्या, सात किलो उतरलेल्या बाईच्या हातात ‘वर्ज्य’चा आणखी एक तक्ता देणं मला पटेना. स्वीडनमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात ७५ रुग्णांपैकी निम्म्यांना फॉडमॅप आणि निम्म्यांना साधा जुना सल्ला दिला होता: वेळेवर, थोडं थोडं, सावकाश जेवा, कॉफी, तेलकट, वायू करणारं कमी करा. चार आठवड्यांनी फॉडमॅप गटातल्या ५० टक्क्यांना आणि दुसऱ्या गटातल्या ४६ टक्क्यांना चांगला फरक पडला होता. मी साध्या सल्ल्याने सुरुवात केली.

गोळ्या, मध आणि सफरचंद बंद. सकाळी सातला भात किंवा ब्रेड आणि एक अंडं. कॉफी एकच, खाल्ल्यानंतर. दुपारी संत्रं. एकदम इतक्या गोष्टी बदलल्यावर कशाने बरं वाटलं हे कळत नाही, ते मला ठाऊक होतं. पण १४ महिने दुखलेल्या माणसाला आधी थोडा आराम हवा असतो, शोध नंतर घेता येतो. तीन आठवड्यांत ५ च्या वरची कळ आठवड्यातून पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आली.

मग तो ‘बंद’चा कागद आम्ही दोघींनी पुन्हा उघडला. प्रत्येक तारखेमागची हकिकत विचारली. सांगताना त्यांच्याच लक्षात यायला लागलं, बहुतेक पदार्थ सगळ्यात वाईट दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सोडलेले होते. हे दुखणं चढ-उताराचं असतं. फार वाईट दिवसानंतरचे दिवस तसेही थोडे बरे जातात. त्याच वेळी टोमॅटो सोडलेला असतो, म्हणून श्रेय टोमॅटो सोडण्याला जातं. पुढचा चढ आला की वाटतं, अजून काहीतरी सोडायचं राहिलंय. यादी अशी वाढत जाते आणि तिचं प्रत्येक पाऊल स्वानुभवावर उभं असतं, म्हणून तर ती हलवणं इतकं कठीण. टोमॅटो, केळी, लिंबू, शेंगदाणे यांच्यासह १९ नावं आम्ही कसलीही परीक्षा न घेता महिन्याभरात परत आणली. काही झालं नाही.

उरलेल्यांची परीक्षा एकेक करून. एक पदार्थ, तीन दिवस, प्रमाण रोज वाढतं. मग तीन दिवस विश्रांती.

दुधापाशी आम्ही अडखळलो. पाव कप प्यायल्यावर २० मिनिटांत कळ आली, ६ ची. पण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मोठ्या आतड्यात पोचून आंबायला साधारणपणे याहून जास्त वेळ लागतो. २० मिनिटांत ती कळ आणणारं दुसरं काही असणार. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं, सगळ्यांचंच; आणि कप तोंडाला लावताना भीतीने त्यांचा हात थरथरत होता, हे त्यांनीच लिहिलं होतं. मी त्यांना ‘हे मनाचे खेळ आहेत’ असं म्हटलं नाही, कारण ती कळ खरी होती. प्रश्न फक्त दुधाचा दोष किती, एवढाच होता.

म्हणून त्यांच्या नवऱ्याची मदत घेतली. चार सकाळी चार कप. दोनांत साधं दूध, दोनांत लॅक्टोजविरहित, क्रम फक्त त्यालाच माहीत. लॅक्टोजविरहित दूध जरा गोड लागतं, म्हणून सगळ्याच कपांत थोडी साखर घातली. चार दिवसांनी चिठ्ठी उघडली. साध्या दुधाच्या दिवशी कळ २ आणि ४. दुसऱ्याच्या दिवशी ४ आणि ३. लॅक्टोज पचायला अवघड जाणारे बहुतेक प्रौढही एका वेळी १२ ग्रॅम, म्हणजे साधारण कपभर दूध, सहन करतात. यांना तर कसलीच अडचण नव्हती. त्या रात्री त्यांनी दही खाल्लं, वहीत नोंद आहे, आणि पुढे एक शब्दही नाही.

कांद्याने मात्र दुसऱ्याच दिवशी ७ ची कळ दिली. आठवड्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. लसणाचंही तसंच. या दोन्हींत फ्रुक्टन नावाची आंबणारी शर्करा असते, ती माणसाला पचवताच येत नाही. फ्रुक्टन तेलात विरघळत नाही; त्यामुळे लसूण तेलात परतून पाकळ्या बाहेर काढल्या तर चव राहते आणि त्रास बराच टळतो. स्वयंपाकात रमणाऱ्या त्या बाईला ही एक युक्ती माझ्या बाकी सगळ्या सल्ल्यापेक्षा मोलाची वाटली.

गव्हातही फ्रुक्टनच. नॉर्वेतल्या २०१८ च्या एका प्रयोगात, ग्लूटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या पण सीलिॲक नसलेल्या ५९ जणांना ग्लूटेन, फ्रुक्टन आणि दोन्ही नसलेले खाऊचे बार ओळख लपवून दिले होते. त्रास वाढला तो फ्रुक्टनने. ग्लूटेन आणि रिकामा बार यांत फरक दिसला नाही. यांच्याबाबतीत हिशेब प्रमाणाचा निघाला. एका वेळी ब्रेडचे दोन काप चालतात, चार खाल्ले की पोट डब्ब होतं. मसूर भिजवून, पाणी टाकून शिजवली तर अर्धी वाटी चालते. सफरचंद अर्धंही नाही. मध चमचाभर चालतो.

नवव्या महिन्यात वजन ५६ झालं. कळ महिन्यातून दोन-तीन दिवस, बहुतेक पाळीच्या आधी. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, वेगळं काही सापडलं नाही. त्या दिवसांत शेक आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. कमी झोपेच्या आठवड्यांत कळ आजही वाढते आणि त्याला आहारात उत्तर नाही. तिथे मी त्यांना काही सोडू दिलेलं नाही.

‘बंद’च्या कागदावर आता चार नावं आहेत: कांदा, लसूण, सफरचंद, शुगरफ्री गोळ्या. गेल्या भेटीत निघताना दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, ‘कांदा परत कधी करून बघायचा?’ सहन करण्याची मर्यादा काळानुसार बदलते, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं, हे मी कधीतरी सांगितलं होतं. सुट्टी कधी लागते, मी विचारलं. त्यांनी तारीख सांगितली आणि वही उघडून त्या पानावर लिहून ठेवलं: कांदा, शिजवलेला, एक चमचा.